बी विंगच्या चपला आणि ऑफिसमधला अभ्यास

बी-१०३: नमस्कार. आज परत सोसायटी ऑफिसबाहेर लॉबीत अभ्यासाला येणाऱ्या मुलांच्या चपलाच चपला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई आज पहिल्यांदा खाली उतरली, वॉकर कुठून न्यायचा? ४०२ च्या ताई मुलांना शिकवतात त्याबद्दल आदर आहे पण आता बस झालं

ए-६०१ काका: मी गणपतीच्या मीटिंगलाच बोललो होतो. ऑफिस मेंटेनन्सच्या पैशांवर चालतं. आज क्लास, उद्या कोणी झुंबा काढेल.

सी-२०४: काका झुंबा निघाला तर पहिलं नाव माझं 😄

ए-६०१ काका: हा चेष्टेचा विषय नाही.

बी-४०२ ताई: चपला उद्यापासून आतच काढतील, गोणपाट टाकते. पण काका क्लास नका म्हणू, फी नाही घेत. आपल्याच वॉचमनची, इस्त्रीवाल्यांची, मावशींची मुलं आहेत, साडेपाच ते सात

ए-३०५: आठवीपर्यंत शिक्षण फुकटच आहे ना, मग शाळेत करतात काय

बी-४०२ ताई: पाचवीतला मुलगा ५०३ मधून १७८ वजा करताना अडतो. दशकाकडून उसना घ्यायचा तर तिथे शून्य, मग पेन्सिल चावत बसतो. चाळीस मुलांच्या वर्गात तेवढ्यासाठी कोण थांबणार? आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला परत पास व्हावं लागतं, नाही झालं तर फेरपरीक्षा

सी-५०१: वहिनी मी माजिवड्याला अडकलेय पिल्लूला पाळणाघरातून आणशील का प्लीज ते सातला बंद करतात

सी-५०१: अरे सॉरी चुकीचा ग्रुप 🙏

ए-६०१ काका: घ्या.

बी-१०३: विषय चपलांचा आहे.

ए-६०१ काका: एवढी आवड आहे तर स्वतःच्या घरी शिकवावं. टू बीएचके आहे.

ए-७०२: काका बी-४०२ म्हणजे माझी वहिनी, तिच्या घरी आई-बाबा, त्यात माझी दोन पोरं कारण आम्ही दोघं आठच्या आत ठाणे स्टेशनलाच नसतो, वर सी-५०१ मधल्या माझ्या बहिणीचं पिल्लू. ही मुलं बसवायची कुठे, ओट्यावर?

ए-७०२ मिसेस: अहो हे ग्रुपवर कशाला

बी-४०२ आजी: मी दुपारची गोळी घेतली आहे सूनबाई आणि माझं कोणी काही अडवत नाही चहा मी करून घेते उगाच तिला बोलू नका

सी-२०४: आजी रॉक्स 👏

ए-३०५: आता निघालंच आहे म्हणून बोलतो. मुलाच्या दहावीच्या गणिताचं मी विचारलं तेव्हा ताईंना वेळ नव्हता. वॉचमनच्या मुलाला आहे. बाहेर क्लासवाले काय फी घेतात माहितीये ना?

बी-४०२ ताई: दादा तो ऑलरेडी क्लासला जातो म्हणून म्हटलं शनिवारी फक्त शंका घेऊन ये. आला, भूमितीचं पुस्तक उघडलं, तासभर मोबाईल. बीजगणित ४०, भूमिती ४०, शाळेच्या हातातले २० सोडले तर बाकी त्याचे त्यालाच मिळवायचेत

ए-३०५: 👍 समजलं. मोठे लोक.

बी-१०३: विषय चपलांचा आहे, लॉबीचा आहे.

सी-२०४: लॉबीचं निघालंच आहे तर ए विंगच्या सहाव्या मजल्यावरची सायकल आणि तीन कुंड्या पण घ्या विषयात

ए-६०१ काका: ती तुळस आहे. आणि सायकल नातवाची आहे.

सी-२०४: चपला पण कोणाच्या तरी नातवाच्याच आहेत काका

ए-६०१ काका: ग्रुपचा वापर जपून करावा.

सेक्रेटरी: सर्वांनी शांतता राखावी. एजीएम (वार्षिक सभा) ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, विषय तिथे मांडावा. तोपर्यंत ऑफिसची किल्ली वॉचमनकडे न राहता माझ्याकडे राहील.

ए-७०२: म्हणजे बंदच की. सरळ सांगा ना

सेक्रेटरी: बंद म्हटलेलं नाही.

बी-१०३: मी अभ्यास बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही, वर जाऊन वाचा. विषय चपलांचा आहे.

बी-४०२ ताई: साहेब मग उद्या सव्वापाचला किल्ली कोणाकडून घेऊ? परवा पाचवीच्या मुलांचा पेपर आहे

सेक्रेटरी: उद्या मी पुण्याला आहे. ए-२०२ मधून मिसेसकडून घ्या. रजिस्टरमध्ये सही करून.