अध्ययन अक्षमतेची व्याख्या

अध्ययन अक्षमता म्हणजे बौद्धिक अक्षमतेचाच सौम्य प्रकार, असे या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. ते मला मान्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत या दोन्हींची नोंद स्वतंत्र आहे. बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत तर्क, आकलन, समस्या सोडवणे यांसारख्या बौद्धिक क्षमतांबरोबरच दैनंदिन जीवनातील अनुकूलनात्मक वर्तनावरही (म्हणजे रोजची कामे आणि सामाजिक व्यवहार जमण्यावरही) लक्षणीय मर्यादा असाव्या लागतात. त्यामुळे केवळ बुद्ध्यांक ७० च्या खाली आला, एवढ्यावरून निदान करता येत नाही.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मात्र अडचण वाचन, लेखन किंवा गणित अशा ठरावीक कौशल्यांपुरती असते. चौथीतला मुलगा पावसाचे पाणी कुठून येते हे तोंडी अगदी नीट सांगतो, पण तेच चार ओळींत लिहायला घेतले की काने-मात्रा गळतात, जोडाक्षरे मोडतात आणि तास संपला तरी उत्तर अर्धेच राहते. अशा मुलाला 'आळशी' किंवा 'मंद' ठरवणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अपुरे शिक्षण ही कारणे आधी तपासायलाच हवीत.

'स्लो लर्नर', म्हणजे सर्वच विषय हळू शिकणारी मुले, ही तिसरीच गोष्ट. साधारण ७० ते ८५ बुद्ध्यांकाच्या या मुलांचा अधिनियमात वेगळा प्रवर्ग नाही, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर परीक्षेत मिळणारा जादा वेळ किंवा लेखनिक त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते.