रक्तातल्या कॅन्सरपेशी मोजायची टेस्ट करावी का?

निपाणीकरीण: अक्काचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय. मिरजेत हॉर्मोनच्या गोळ्या आणि हाडाचं इंजेक्शन चालू आहे. भाच्यानं सीटीसी टेस्टचं, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी मोजायच्या टेस्टचं, कुठनं तरी वाचलं. एका लॅबवाल्याला फोन केला तर म्हणाला, नमुना मुंबईला पाठवू, कुठलं औषध लागू पडेल ते कळेल. पैशाचा आकडा ऐकून दाजी गप्पच झाले. आणि आई म्हणते, रक्तात गेलाय म्हणजे ब्लड कॅन्सरच की! कुणी केलीय का ही टेस्ट?

लॅबवाला, बेळगाव: ताई, आईंना सांगा, हा ब्लड कॅन्सर नव्हे. गाठीतनं सुटलेल्या पेशी रक्तातनं फिरत असतात, एवढंच. ऑस्ट्रेलियात अ‍ॅशवर्थनं 1869 सालीच त्या बघितल्या होत्या.

माझं काम रक्ताचंच, म्हणून जरा सविस्तर. ह्या पेशी मोजायच्या सेलसर्च नावाच्या पद्धतीत साडेसात मिली रक्त घेतात. त्यात तांबड्या पेशी अब्जावधी, पांढऱ्या कोट्यवधी, आणि ह्या सापडल्या तर चार-पाच, नाहीतर एकही नाही. ह्या पेशींच्या अंगावरच्या ईपकॅम नावाच्या प्रथिनाला धरणारे बारीक लोहकण मिसळून चुंबकानं त्या ओढून घेतात. मग रंगवून बघायचं. केंद्रक आणि केराटिन (आवरणाच्या पेशींतलं प्रथिन, रक्तपेशींत नसतं) दिसलं, आणि पांढऱ्या पेशीची खूण सीडी 45 नसली, तरच ती मोजायची. नळीसुद्धा खास लागते. ती फ्रिजमध्ये घालायची नाही आणि 96 तासांत तपासून व्हायला हवी. पाठवणाऱ्याला हे ठाऊक आहे का, विचारा.

आता मुद्द्याचं. 5 किंवा जास्त पेशी असल्या तर आजार लवकर वाढतो, हे 2004 मध्ये 177 बायकांच्या अभ्यासात दिसलं. पण केमोच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा उतरला नाही म्हणून औषध लगेच बदललं, तर आयुष्य वाढलं नाही. तो अमेरिकेतला अभ्यास 2014 चा. म्हणून डॉक्टरांना एकच विचारा: आकडा जास्त आला तर तुम्ही काय बदलणार? उत्तर ‘काही नाही’ असेल तर पैसे राहू देत.

निपाणीकरीण: आणि शून्य आला तर निवांत ना ओ?

लॅबवाला, बेळगाव: नाही ओ. काही पेशी ईपकॅम टाकून देतात, त्या चुंबकाला लागतच नाहीत. स्कॅन चुकवू नका.

खानापूरची: मला वाटतं तो फोनवरचा माणूस दोन टेस्टची खिचडी करतोय. औषध ठरवायला रक्तातला गाठीचा डीएनए बघतात, ती टेस्ट वेगळी. माझ्या जावेची केली होती. हॉर्मोनवाल्या कॅन्सरात गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की पीआयके3सीए आणि ईएसआर1 ह्या जनुकांमधले बदल शोधतात, त्यावर वेगळी औषधं आहेत. अक्काला गोळ्या लागू पडताहेत तोवर घाई कशाला? त्याआधी हे बघा, हाडातला तुकडा काढून ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरपेशींवरच्या हॉर्मोनच्या आणि हर-टू प्रथिनाच्या खुणा, ज्यावर औषध ठरतं) परत तपासलंय का? मूळ गाठीपेक्षा कधी कधी वेगळं निघतं.

निपाणीकरीण: तुकडा काढलेला नाही. बुधवारी ओपीडी आहे, फाईलच घेऊन जाते.