मदत हवी आहे: पेरूच्या खोडावर जाळी, वाळवी की अळी?

पेरूचं झाड जुनं आहे, मोठ्या दोन फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यापासून खाली सालीवर तपकिरी जाळीचे पट्टे आलेत. ओढले की अख्खी पट्टीच सुटून येते, आत चहाच्या चोथ्यासारखा भुसा आणि त्याखाली साल कुरतडलेली, आतलं लाकूड दिसतंय. घरातले म्हणतायत वाळवी आहे, पण माती कुठेच नाही हो. दिवसभरात किडा एकही दिसला नाही. बेचक्यात पेन्सिल जाईल एवढं भोक आहे. वरची पानं पिवळी पडतायत आणि फळंही बारीक राहतायत, काय करू? आख्ख्या झाडावर फवारावं का?

प्रतिसाद १
ताई वाळवी नाही ही, साल खाणारी अळी आहे, इंदरबेला नावाच्या पतंगाची. दिवसा त्या भोकात बसते आणि रात्री जाळीच्या आडून साल खाते, म्हणून दिसत नाही. वरून फवारून फारसं काही होत नाही, जाळीखाली औषध पोचायला तर हवं! आधी सगळी जाळी खरवडून काढा, मग भोकात लोखंडी तार घालून आतल्या अळीला टोचा, नंतर रॉकेलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत कोंबून वरून चिखलाने लिंपा. रॉकेल सालीवर ओतत बसू नका मात्र.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद दादा. पण मेली की नाही ते कळणार कसं? आणि शेजारी आंबा, डाळिंब आहे, तिकडे जाईल का?

प्रतिसाद १
जाळी साफ केल्यावर लक्ष ठेवा, परत ताजी जाळी दिसली की समजा अळी जिवंत आहे, बोळा काढून पुन्हा तार घाला. आंबा, डाळिंब, लिची, बोर, जांभूळ काही सोडत नाही ती, पण पसरते ती पतंगामुळे. मे-जूनच्या सुमारास मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, वर्षाला एकच पिढी, अळी नऊ-दहा महिने खात राहते. म्हणजे आत्ता भोकं बंद केलीत तर पुढचे पतंग कमी. बाकीच्या झाडांची बेचकी पण बघून घ्या, जुन्या दाट झाडांवर जास्त येते.

प्रतिसाद २
आंब्याला भोकातून लाकडाचा भुसा गळत असेल आणि जाळी नसेल तर ती ही नव्हे, तो भिरूड, भुंग्याची अळी. ती खोडात खोलवर जाते, त्याचा फोटो टाका वेगळा.