अनुभव धागा: वाचलेल्या, ऐकलेल्या गोष्टीनं तुमच्या आसपास काय बदललं?

चरईकर

मंडळी, हा धागा फक्त अनुभवांसाठी. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ या गावात माणसं पुस्तकं घरी नेतायत आणि परत आणून देतायत. पण घरी नेलेल्या पुस्तकानं त्या घरात पुढे काय झालं हे कुठल्या रजिस्टरमध्ये सापडत नाही. ते इथे लिहा. आवडत्या पुस्तकांची यादी नको, वाचनाचे फायदे पण नकोत. अमुक वाचलं किंवा ऐकलं आणि मग घरात, चाळीत, सोसायटीत, कामावर कोणीतरी काहीतरी वेगळं केलं, एवढंच हवंय.

सुरुवात मी करते. आमचा बायकांचा वाचन गट आहे, दुपारी कोणाच्या तरी घरी जमतो, एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात, ऐकता ऐकता मेथी निवडणं वगैरे चालूच असतं. आम्ही हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घेतली होती. कादंबरी १८९० च्या आसपासची, भाषा जुनी, सुरुवातीला दोघीतिघी कंटाळल्याच. पण यमूच्या केशवपनाचा भाग आला तिथे वाचणारीचा आवाज बसला, दुसरीनं पुस्तक घेतलं, तिलाही पुढे वाचवेना. तेव्हा आमच्यातल्या एक काकू, त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालीयत, त्या एकदम म्हणाल्या, "आता केस ठेवतात गं आमचे. पण संक्रांतीच्या दिवसात मी दार लावून आत बसते ते कोणाला दिसतं का?" आम्ही सगळ्या त्याच बिल्डिंगमधल्या. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला पोरी जिना चढायच्या आणि काकूंचं दार टाळून पुढच्या मजल्यावर जायच्या, वर्षानुवर्षं.

पुढच्या संक्रांतीला बोलावणं सगळ्या दारांना गेलं. काकू आल्या, कुंकू नाही लावून घेतलं, तीळगूळ आणि वाण घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी करंडा त्यांच्या हातात दिला आणि त्यांनीच सगळ्यांना हळदकुंकू लावलं. दोन घरच्या सासूबाई उठून गेल्या, हेही सांगायला हवं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला ना, ते कात्रण काकूंनी स्वतः आणून गटात वाचून दाखवलं.

माथाडीचा मुलगा, कोपरखैरणे

चरईकर ताई, फार छान. आमच्याकडचं सांगतो.

वडील माथाडी, म्हणजे बाजारात गोण्या उचलणारे कामगार, गाव पाटण तालुक्यातलं. आधी मशीद बंदरला होते, मार्केट वाशीला आलं तसे आम्ही पण खाडीच्या या बाजूला आलो. मुंबईच्या खोलीत गाववाले एकत्र राहायचे, त्यात वाचता येणारे दादाच (वडिलांना आम्ही दादा म्हणतो), तेही चौथीपर्यंत शिकलेले. रात्री जेवणं उरकली की ते 'फकिरा' वाचायचे. अण्णाभाऊ वाटेगावचे म्हणजे आमच्या डोंगरापलीकडचेच, शाळा जवळजवळ नाहीच, मुंबईत येऊन मिळेल ते काम केलेलं, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना वाटायचं आपल्यातलाच कोणीतरी बोलतोय. ते पुस्तक अर्पण केलंय बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. एकदा एक नाना, वय चांगलं पन्नाशीचं, म्हणाले, "तलवार झुंजती, लेखणी कशी झुंजंल?" दादांनी उत्तर वगैरे दिलं नाही, पेन्सिल दिली हातात आणि म्हणाले बघा झुंजून.

गोणीला हुक लावणारी बोटं ती, पेन्सिल दाबून धरायचे की टोकच मोडायचं. पण नाव लिहायला शिकले. त्यांचं बघून बाकीचे बसायला लागले. मग पगाराच्या कागदावर अंगठ्याच्या जागी सह्या येऊ लागल्या, आणि खरी गंमत त्याच्या पुढे, सही करणारा माणूस वरचं वाचायला लागतो. टोळीत हिशेबावरून प्रश्न विचारणं सुरू झालं, किती गोण्या, किती वाराई (गोण्या चढवण्या-उतरवण्याची मजुरी), माझ्या नावावर किती. माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांनी आणि कामगारांनी लढून मिळवलेला, त्यानं फंड, ग्रॅच्युइटी सगळं दिलं, पण ते सगळं कागदावर असतं आणि कागद वाचता यावा लागतो. नानांच्या नातीनं पुढे नर्सिंग केलं, आता बेलापूरला राहते.

वाशी सेक्टर ९

दोन्ही अनुभव वाचून भरून आलं. तरी एक वेगळा मुद्दा मांडतो. नुसत्या गोष्टीनं समाज हलत नाही, कायदा लागतो, आणि मधे फार वेळ जातो. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावतात म्हणून अख्खं थिएटर हळहळायचं. आणि बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला १९२९ ला, तीस वर्षांनी, तेव्हाही मुलीचं वय चौदाच. अठरा व्हायला १९७८ उजाडलं. (त्याला शारदा कायदा म्हणतात तो या नाटकामुळे असं खूप जणांना वाटतं, पण तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून.)

माझी आजी तेराव्या वर्षी या घरात आली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, ते नाटक पाहिलेलं होतं, पदं पाठ होती, घरात म्हणायचे. तरी लेकीचं लग्न तेराव्या वर्षी लावलं. म्हणून म्हणतो, ऐकून डोळे ओले होणं आणि आपल्या घरात तसं वागणं यात फार अंतर आहे. ते अंतर कोणी कसं कापलं ते लिहा, मला त्यात जास्त रस आहे.

चरईकर

काका, हेच हवंय. आमच्याकडे ते अंतर काकूंच्या एका वाक्यानं कापलं गेलं असं मला वाटतं. पुस्तकातली यमू शंभर वर्षांपूर्वीची होती, काकू आमच्या समोर सतरंजीवर बसल्या होत्या.

नेरुळ, नाव नको

याच्याशी जुळणारं लिहिते. माझ्या मावशीच्या डोक्यात जट होती, केस गुंतून घट्ट झालेली. देवीची म्हणून कापायची नाही, कापली तर कोप. अकरा-बारा वर्षं बाळगली तिनं. मान एका बाजूला वाकलेली, झोपायची तेही एकाच कुशीवर, पावसाळ्यात ओली राहिली की वास यायचा म्हणून ट्रेनमध्ये दारापाशी उभी राहायची. मी तिला अंधश्रद्धा निर्मूलनाची पुस्तकं आणून दिली, डॉ. दाभोलकरांचे लेख वाचून दाखवले, ती सगळं ऐकून घ्यायची, हो म्हणायची आणि कात्री बघितली की रडायची.

शेवटी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या एका ताई आल्या त्या एकट्या नाही आल्या, सोबत दुसऱ्या एका बाईंना घेऊन आल्या. त्या बाईंची स्वतःची जट काढलेली. त्यांनी विज्ञान वगैरे काही सांगितलं नाही, फक्त आपली कहाणी सांगितली, कापली त्या रात्री झोप नाही आली, पहाटे नवऱ्याला ताप आला तेव्हा वाटलं संपलं आता सगळं, मग डॉक्टर म्हणाले मलेरिया आहे, गोळ्या दिल्या, उतरला. मावशी मधेच थांबवून विचारत होती, मग सासू काय म्हणाली, मग पहिल्यांदा केस धुतले तेव्हा कसं वाटलं. संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या दोघी. दोन दिवसांनी मावशीनं स्वतः फोन करून बोलावलं. जट निघाल्यावर ती बराच वेळ नुसती मान फिरवून बघत होती, इकडे आणि तिकडे.

आता समितीवाले कोणाकडे जातात तेव्हा मावशीला नेतात. सानपाड्यापासून पनवेलपर्यंत कुठेही जाते.

मुरबाडकर

गाडगेबाबांचं कीर्तन असंच असायचं असं आमचे आजोबा सांगायचे. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे.

आणि आमच्या तालुक्यातलं फांगणे तर सगळ्यांना माहीत असेल, आजीबाईंची शाळा, ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन आज्या शाळेत. दुसऱ्याचं वाचन ऐकत बसण्यापेक्षा आपल्यालाही वाचता यायला हवं असं आज्यांनी बोलून दाखवलं आणि गावातल्या शिक्षकांनी ते मनावर घेतलं. माझ्या आत्याची सासू जवळच्याच गावची, तिनं हे ऐकून सुनेकडून अक्षरं गिरवून घेतली. हरिपाठ वाचते आता, बोट ठेवून, हळू.

तलासरीची, सध्या ऐरोली

मी वारली. आमचा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. नोकरीला ठाण्यात आले तेव्हा ऑफिसातल्या एकांनी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' दिलं. मे १९४५ मध्ये आमच्याकडच्या झरी गावात वारल्यांची सभा झाली आणि वेठ करणार नाही असं ठरलं, त्या सगळ्याचं पुस्तक. शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी होस्टेलवर, कॉलेजमध्ये माझी जात शक्यतो सांगायचे नाही. पुस्तक वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की हे लिहून ठेवण्यासारखं होतं म्हणजे आपण कोणीतरी होतो.

सुट्टीत घरी नेलं आणि आजीला वाचून दाखवलं, मराठीतून वाचायचं आणि आमच्या बोलीत सांगायचं. आजी तेव्हा लहान पोर होती. आधी काहीच बोलेना. वेठीचं वर्णन आलं, सावकाराच्या शेतावर फुकट राबायचं, नाही म्हटलं तर मार, तिथे ती म्हणाली "थांब" आणि मग तीच बोलायला लागली. तिच्या बापाला झाडाला बांधलं होतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं, माझ्या वडिलांना पण नाही. वडील उठून बाहेर गेले आणि अंगणात उभे राहिले.

मग काय झालं तर, आमच्या पाड्यावर वनहक्काचे दावे पडून होते, कायदा २००६ चा, पण फॉर्म भरायचे, पुरावे जोडायचे, कोण करणार. त्या कायद्यात म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. मी दर सुट्टीत आज्या-आजोबांचं सांगणं लिहून घ्यायला लागले, जमीन कोण कसायचं, नाला कुठून वाहायचा, देव कुठे बसवलेला. काही दावे मंजूर झाले, काही अजून अडकलेत. वडील, जे कधी कुठल्या सभेला जायचे नाहीत, ते आता ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसतात. आणि ऑफिसात आता मी कोण ते सगळ्यांना माहितीय.

वाशी सेक्टर ९

ताई, दोनदा वाचलं. तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

दिघ्याच्या बाई

मी पालिका शाळेत शिकवते, वर्गात बरीच मुलं वस्तीतली, आईवडील नाका कामगार नाहीतर कंपनीत कंत्राटी. मी सातवीला मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवते. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, आम्हाला धर्म कोणता ते सांग असं थेट देवालाच विचारलंय तिनं. मुलं विचारतात, बाई, ती आमच्याएवढी होती? मग मी म्हणते, आता तुमचा प्रश्न लिहा, ज्याला विचारायचा त्याला.

एका मुलीनं लिहिलं, वस्तीत पाणी शाळेच्या वेळेलाच येतं, मी हंडे भरते म्हणून माझा पहिला तास रोज बुडतो आणि दादा तेव्हा मोबाईल बघतो, दादाला हंडा उचलता येत नाही का. पालकसभेत मी नावं न घेता निबंध वाचले. मागे उभे असलेले वडील लोक आधी हसले, मग गप्प झाले, कारण प्रत्येकाला वाटलं हे माझ्याच पोरीनं लिहिलंय. सगळ्या घरांत नाही झालं काही, पण आता नळावर पोरं दिसतात, हंडा खांद्यावर घेऊन. ती मुलगी पहिल्या तासाला येते.

तलासरीच्या ताई, एक विचारू का? तुमच्या आजींचं सांगणं तुम्ही लिहून घेतलंय त्यातलं थोडं आमच्या मुलांना वाचून दाखवाल? शनिवारी सकाळची शाळा असते.

तलासरीची, सध्या ऐरोली

बाई, नक्की येते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला सुट्टी असते. आणि सोबत वडिलांना आणलं तर चालेल का? आजीचं बोलणं तिच्या बोलीत ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणतात.