मदत हवी आहे: ५ जुने पीसी, लिनक्स कसं टाकू?

नमस्कार मंडळी, वाळपईजवळच्या आमच्या वाचनालयाला कुणीतरी ५ जुने पीसी दिलेत, चार कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅमवाले आणि एक ॲटम प्रोसेसर, १ जीबीवाला, तो ३२ बिटच आहे, म्हणजे ६४ बिटची सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत. पावसात वर्षभर बंद पडून होते, एकाचा पंखा तर पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, पण चालू होतात हे नशीब. सीमॉस सेल (मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा) गेलाय म्हणून तारीख दरवेळी २००७ दाखवतात, त्यामुळे ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित म्हणतो, ते सेल मी बदलतोय.

चौघांवर लुबुंटू हे हलकं लिनक्स टाकायचा विचार आहे. ॲटमवर ते जाणार नाही, आता ६४ बिटच येतं, डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्सला पण ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, म्हणून अँटीएक्स हे जुन्या मशीनसाठीचं लिनक्स बघतोय.

खरा घोळ पुढे आहे. इथे नेट रडतखडत चालतं, प्रत्येक मशीनवर वेगळे अपडेट उतरवत बसलो तर चतुर्थी येईल, म्हणून एकावर सगळं बसवून, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वगैरे करून, क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर) बाकी तिघांवर उतरवायचं म्हणतोय. तीन डिस्क १६० जीबीच्या आणि एक ८० ची, म्हणजे ८० वाल्यावरच आधी करायचं ना, मोठ्यावरून छोट्यावर ते सहज जात नाही? होस्टनेम (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) नंतर बदललं की पुरे का अजून काही बदलावं लागतं?

आणि एक मशीन पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूटसाठी फक्त डीव्हीडी दिसते. त्याची डिस्क काढून दुसऱ्यात लावून क्लोन केली तर चालेल का? कुणी केलंय का असं?