मदत हवी आहे: डस्ट माइटची अ‍ॅलर्जी, गादीचं काय करू?

माझ्या ७ वर्षांच्या लेकीला सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका सुरू होतात. नाक वर चोळून चोळून त्यावर आडवी रेघच उमटली आहे. तपासणीत डस्ट माइटची (म्हणजे धुळीत, गादीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) अ‍ॅलर्जी निघाली. डॉक्टरांची औषधं चालू आहेत. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुते, गालिचा काढून टाकला. पण त्रास मुख्यतः माइटच्या विष्ठेमुळे होतो, म्हणजे नुसते किडे मारून भागत नाही. आणि गादी तर धुताही येत नाही!

गादीला चारही बाजूंनी बंद होणारं, चेनचं माइटरोधक कव्हर कुणी वापरलंय का? त्यात उकडतं का, कूस बदलताना आवाज होतो का? तिची झोप आधीच तुटक झालीये, म्हणून विचारते. कितीसा फरक पडला, तेही कृपया सांगा.