फुलमेटल अल्केमिस्ट: हिशोब मागणाऱ्या जादूला विज्ञान म्हणायचं का?

निशाचर

(मालिका पाहिली नसेल तर पुढे रसभंग होईल, शेवटही उघड केला आहे.)

परवा रात्री ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ ही जपानी ॲनिमे मालिका तिसऱ्यांदा पाहून संपवली. सगळे ६४ भाग. मागे एका मित्राने विचारलं होतं, “जादूचीच गोष्ट ना ती? मग विज्ञान विज्ञान काय करतोस?” तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आता प्रयत्न करतो.

थोडी पार्श्वभूमी. हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००१ ते २०१० या काळात मासिकात क्रमशः आली, तिचे २७ खंड झाले. बोन्स स्टुडिओने २००३ मध्ये तिच्यावर ५१ भागांची पहिली मालिका केली. तेव्हा मांगा अर्धीही झाली नव्हती, म्हणून त्या मालिकेची कथा पुढे स्वतंत्र वाटेने गेली. २००९ ची ‘ब्रदरहूड’ मात्र मूळ कथेला धरून आहे. एडवर्ड आणि अल्फॉन्स एल्रिक हे दोन लहान भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात. एडचा डावा पाय जातो, अलचं अख्खं शरीर जातं. भावाचा आत्मा एका चिलखतात अडकवण्यासाठी एड उजवा हातही देऊन बसतो. पुढची सगळी गोष्ट ही गमावलेली शरीरं परत मिळवण्याची आहे.

या जगातली किमया तीन पायऱ्यांनी होते. आधी वस्तू कशाची बनली आहे ते समजून घ्यायचं, मग ती मोडायची, मग नव्याने रचायची. पहिली पायरी चुकली की पुढचं सगळं फसतं. म्हणून इथले किमयागार मंत्र पाठ करत नाहीत, ग्रंथालयात रात्री काढतात. ग्रीड या किमयेने घडवलेल्या कृत्रिम माणसाशी झालेली मारामारी आठवा. त्याच्या अंगावरचं कवच कशानेच फुटत नाही. एडच्या लक्षात येतं की तो शरीरातला कार्बन वापरतोय. कार्बनच्या अणूंची मांडणी बदलली की हिऱ्याचं पेन्सिलीतलं शिसं होतं. एड मांडणी बदलतो आणि त्याच कवचावर बुक्का मारतो. लष्करातला अग्नी-किमयागार रॉय मस्टँग, त्याचंही तसंच. त्याच्या हातमोज्याच्या कापडातून ठिणगी पडते आणि हवेतला ऑक्सिजन कुठे किती दाट करायचा ते तो ठरवतो. मोजे भिजले की त्याची विद्या गेली. ग्रीडच्याच जातीची लस्ट नळ फोडून त्याला भिजवते, तर तो त्याच पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतो आणि त्याचा साथीदार हॅवॉकच्या लायटरवर स्फोट घडवतो. हा प्रसंग पाहताना मला अंगावर काटा येतो, कारण तिथे त्याची शक्ती वाढलेली नसते. समज तेवढी कामी येते.

या सगळ्याच्या मुळाशी समतुल्य विनिमयाचा नियम आहे: काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ज्या जगात जादूलाही लागू होतं त्या जगातलं दुःख मला खरं वाटतं. शेवटच्या क्षणी कुणी नवा मंत्र काढून सोडवणार नाही याची खात्री असते.

माझं म्हणणं याच्याही पुढे आहे. ही मालिका स्वतःचा मूळ नियमसुद्धा तपासायला काढते. एवढ्यासाठीच मी तिला वैज्ञानिक म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

रसायनवाली

मालिका पाहिली आहे, आवडलीही आहे. पण ‘वैज्ञानिक’ या शब्दाला माझा ठाम विरोध. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे जरा मनाला लागतं.

एड रोझ नावाच्या मुलीला माणसाच्या शरीराची यादी सांगतो ना? पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, लोह ५ ग्रॅम वगैरे. मी ती तपासली आहे. सगळं मिळून साठेक किलोचा माणूस होतो. पाणी ठीक, चुन्यातून येणारं कॅल्शियम जवळपास ठीक, फॉस्फरस आणि लोह थोडं जास्त पण चालेल. कार्बन मात्र चक्क दुप्पटीच्या जवळ आहे. साठ किलोच्या माणसात तो ११ किलोच्या आसपास असतो.

पण माझा मुद्दा आकड्याचा नाही. मूलद्रव्यांची नावं घेतली की विज्ञान होत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने बंद भांड्यात पदार्थ जाळले, आधी आणि नंतर तोलले, आणि १७८९ च्या ग्रंथात वस्तुमान टिकतं हे मांडलं. या मालिकेत कुणी तराजू काढलेला मला तरी आठवत नाही. ‘तेवढ्याच मोलाचं’ म्हणजे किती, हे कोण ठरवतं? मेलेल्याला परत आणू पाहणाऱ्या किमयागाराला जे दार दिसतं, त्या दारापाशी बसलेलं ‘सत्य’ ठरवतं. एका हाताची किंमत भावाचा आत्मा, हा भाव कुठल्या एककात लावला? तो न्यायनिवाडा झाला, मापन नव्हे. आणि दगडमातीच्या भिंती क्षणात उभ्या करायला लागणारी ऊर्जा? भूपट्टांच्या हालचालीतून येते, असं एक वाक्य टाकून मोकळे.

ही नीतिकथा आहे, उत्तम नीतिकथा आहे. तिला प्रयोगशाळेचा कोट घातला आहे एवढंच.

निशाचर

कार्बनचा हिशोब मी कधी केलाच नव्हता, आभार. तराजूबद्दल मात्र एक सांगतो. ग्रीडच्याच जातीचा एन्व्ही कुठलंही रूप घेतो, सडपातळ पोराचंही. पण त्याचं वजन त्याच्या मूळ अवाढव्य देहाचंच राहतं, आणि पायाखालची जमीन खचते ते पाहून लिंग या राजपुत्राला शंका येते. रूप बदललं तरी वस्तुमान कुठे जात नाही, हे इतक्या निगुतीने पाळणारी दुसरी जादूकथा मला माहीत नाही.

काठावरचा

तुम्ही दोघंही चुकीच्या टोकाने धरताय असं मला वाटतं.

नीना. चार वर्षांची पोर आणि तिचा कुत्रा अलेक्झांडर. बाप शाऊ टकर सरकारी किमयागाराचा परवाना टिकवायला दोघांचा मिळून एक बोलणारा प्राणी बनवतो. तो प्राणी एडला ‘दादा’ म्हणतो. मी तो भाग एकदाच पाहिला, पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. सांगा, नीनाला तिच्या जिवाच्या बदल्यात काय मिळालं? समतुल्य विनिमय ही त्या दोन पोरांनी स्वतःला घातलेली समजूत आहे. आपण काही मोल दिलं तर जग तेवढं परत देईल, असं लहान मुलांना वाटतंच.

२००३ ची मालिका हे स्पष्ट बोलते. तिथे जग असं चालत नाही हे शेवटी एडला तोंडावर ऐकावं लागतं आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून मला ती जास्त प्रामाणिक वाटते. ‘ब्रदरहूड’ शेवटी सगळ्यांचा हिशोब नीट जुळवते. आयुष्यात तो तसा जुळत नाही.

उत्तरा

काठावरचा +१. नीनाचा भाग पाहून मी दोन दिवस पुढे गेले नव्हते.

सांधेजोड

सगळे किमयेबद्दल बोलताय, ऑटोमेलबद्दल, म्हणजे एडच्या यंत्राच्या हात-पायाबद्दल, कुणीच नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या वडिलांचा गुडघ्याखालचा पाय मधुमेहाने गेला. जयपूर फूट बसवलं. (१९६८ साली जयपुरात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला पाय. त्यावर अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते, शेतात उतरता येतं.) पहिले काही महिने उरलेल्या पायाला सूज यायची, कातडी सोलायची, आई रोज संध्याकाळी मीठपाण्याने शेकायची. बाबा चिडायचे, पाय काढून कोपऱ्यात टाकायचे.

त्याच दिवसांत ही मालिका पाहिली. एडला यंत्राचा हात-पाय बसवताना मज्जातंतू जोडतात तो प्रसंग, दात आवळून धरलेलं ते पोर. तो बसवणारी पिनाको आजी सांगते, सावरायला तीन वर्षं लागतील. तो म्हणतो, एका वर्षात करतो. तिची नात विन्री रात्रभर जागून सांधे घासते, स्क्रू विसरला की स्वतःवर चिडते. उत्तरेकडच्या थंडीत नेहमीच्या पोलादाचा हात घालून गेला तर मांसाला हिमदंश होईल म्हणून त्याला वेगळ्या धातूंचा हात बसवावा लागतो. उंची वाढली की माप बदलायचं. बाबांच्या पायाचंही हेच, वजन उतरलं की सॉकेट सैल.

मला विचाराल तर या मालिकेतलं विज्ञान विन्रीच्या टेबलावर आहे. किमयेने एडचा पाय घेतला. त्याला चालतं केलं ते कारागिरीने, आणि त्यात कुठलाही टाळी वाजवून होणारा चमत्कार नाही. रसायनवाली, तराजू हवा होता ना तुम्हाला? फूटपट्टी, पाने आणि तेलाची बुदली इथे आहे.

रसायनवाली

सांधेजोड, हे मी कबूल करते. माझं लक्षच गेलं नव्हतं. बाबा आता चालतात का?

सांधेजोड

हो, रोज सकाळी दूध आणायला तेच जातात.

चंद्रभागा

एक वेगळी गोष्ट मांडते. ‘किमया’ हा आपला शब्द अरबी ‘कीमिया’वरून फारसीमार्गे आला. युरोपातल्या ‘अल्केमी’चं आणि ‘केमिस्ट्री’चं मूळही तिथेच. म्हणजे एकच शब्द युरोपात जाऊन रसायनशास्त्र झाला आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ‘जादू’ उरला. आपण ‘ही तर किमयाच झाली’ म्हणतो तेव्हा कुणाला भट्टी आठवत नाही. या मालिकेत ते दोन तुटलेले अर्थ पुन्हा एकत्र नांदतात, आणि मराठीत तिच्याबद्दल लिहिताना वेगळा शब्द शोधावा लागत नाही, याचा मला फार आनंद होतो.

दुसरं परिसाबद्दल. आपला परीस हिशोब मागत नाही. लोखंडाला लागला की सोनं, म्हणून संतांनी तो कृपेसाठी वापरला. नामदेवांनी परिसा भागवतांचा परीस चंद्रभागेत टाकला आणि मागायला आल्यावर ओंजळभर खडे काढून दिले, ते सगळेच परीस निघाले, ही कथा मी आजीकडून ऐकली आहे. मालिकेतला परीस मात्र जिवंत माणसांच्या आत्म्यांतून काढतात. नियम मोडायची सोय म्हणून सगळे त्याच्या मागे असतात, आणि कळतं ते हे की नियम मोडलेलाच नाही, किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली आहे. इश्वाल या चिरडलेल्या प्रांतातल्या युद्धकैद्यांनी. डॉ. मार्को तो परीस बनवणारा वैज्ञानिक, दुष्ट नाही, सरकारी नोकर आहे, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही.

त्यामुळे काठावरचा, नीनाच्या प्रश्नाला मालिकेने उत्तर दिलं नाही असं मला वाटत नाही. मोल नेहमी भरलं जातं. ते कुणाच्या खिशातून भरलं गेलं, हे विचारायला ती शिकवते.

काठावरचा

परिसाबद्दल पटलं. पण मग त्याला नियम कशाला म्हणायचं? दुबळ्यांना लुटणं ही तर जगाची रीतच आहे.

निशाचर

आता मी वर अर्धवट सोडलेला मुद्दा. शेवटी अलला परत आणायला एड काय देतो? स्वतःची किमया. त्याच्या आत असलेलं ते दार, म्हणजे त्याची सगळी विद्या. ‘सत्य’ त्याला विचारतं, मग तू साधा माणूस राहशील. तो म्हणतो, मी पहिल्यापासून साधा माणूसच होतो. आणि त्यानंतर दोघं भाऊ जुना नियम तसाच ठेवत नाहीत. दहा मिळाले तर आपला एक घालून अकरा पुढे द्यायचे, असं नवं सूत्र मांडतात. ते पडताळायला अल पूर्वेला शिंग नावाच्या देशात जातो, तिथली वेगळी पद्धत शिकायला, आणि एड पश्चिमेला. ज्या गृहीतावर आयुष्य उभं होतं त्याला अपवाद सापडले म्हणून नवं गृहीत घेऊन पुन्हा अभ्यासाला निघणं, याला मी विज्ञान म्हणतो.

रसायनवाली

इथे मात्र मी हटणार नाही. अकरावा एक कुठून आला? तो माणसाच्या मनातून आला. फार सुंदर आहे, पण आड आणि पोहऱ्याचा दाखला तुम्हीच दिला होता, तो इथे तुटतो. आणि एडने जे केलं ते दुसरा कुणी पुन्हा करून पाहू शकत नाही. दार एकदाच देता येतं. माझ्या प्रयोगवहीत एकदाच झालेली गोष्ट निष्कर्षात लिहिता येत नाही.

एक मान्य करते. किमयागारांना मी वर्गात नेहमी वेड्यांच्या यादीत टाकत आले, ते चूक होतं. एल्रिक भावांच्या वडिलांचं होहेनहाइम हे नाव पॅरासेल्ससचं खरं आडनाव. त्या माणसाने सोळाव्या शतकात खनिजांची औषधं वापरात आणली आणि विष ठरतं ते मात्रेवर, हे सांगितलं. हेनिग ब्रँटने १६६९ मध्ये मूत्र आटवून सोनं शोधायचा प्रयत्न केला, हाती लागला फॉस्फरस. चुकीच्या आशेने केलेलं नेटकं काम वाया जात नाही, हे एवढं तरी यंदा मुलांना सांगीन.

निशाचर

अकराव्या एकावर माझ्याकडे आज उत्तर नाही. विचार करून लिहितो. मला अराकावा होक्काइदोच्या, गाईगुरं असलेल्या शेतकरी घरातल्या, याच्याशी त्याचा संबंध असावा असं वाटतं. पेरलेला एक दाणा कणसाने परत येतो तिथे तो जास्तीचा कुठून आला हे शेतकऱ्याला कुणी विचारत नाही.

रसायनवाली

कणसाचं सांगता येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, जमिनीतलं पाणी आणि वरून ऊन. तिथेही फुकट काही नाही.

उत्तरा

नवीन माणसाने आधी कुठली पाहावी? भावाला सुचवायची आहे, पंधरा वर्षांचा आहे.

काठावरचा

आधी २००३ ची. नीनाचं घर, टकरचा पाहुणचार, तिथे मुक्काम करून केलेला अभ्यास, हे सगळं त्यात सावकाश येतं, म्हणून जास्त लागतं. ‘ब्रदरहूड’ सुरुवातीला फार घाईत पळते. फक्त त्या भागाच्या वेळी त्याच्यासोबत बसा.

रसायनवाली

मी २००३ ची पाहिलेली नाही. शनिवारपासून सुरू करते. कार्बनचा आकडा तिथेही २० किलोच आहे का ते पाहून सांगते.